मिस्टर ससे काढतात

"मिस्टर काय करतात?" हा प्रश्न आपल्याकडे आडनावानंतर लगेच येतो. हळदीकुंकवात येतो, भिशीत येतो, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंकडून येतो, आणि एकदा तर दातांच्या दवाखान्यात माझ्या तोंडात आरसा असताना आला. ज्यांचे मिस्टर बँकेत, वीज मंडळात किंवा हिंजवडीत असतात त्यांचं उत्तर एका शब्दात उरकतं आणि बोलणं भेंडीच्या भावाकडे वळतं. माझं वळत नाही. माझे मिस्टर लहान मुलांची चित्रपुस्तकं करतात. गोष्टही तेच लिहितात, चित्रंही तेच काढतात.

मी निरनिराळी उत्तरं वापरून पाहिली आहेत. 'आर्टिस्ट आहेत' म्हटलं की समोरून 'कुठल्या मालिकेत?' असं येतं. 'पेंटर' म्हटल्यावर एका काकूंनी टू बीएचकेचा आतून-बाहेरून दर विचारला आणि वर पुट्टी धरून की सोडून, हेही विचारलं. 'लेखक' म्हटलं की माणसं आदराने गप्प होतात, पण मग 'कुठल्या विषयावर लिहितात?' असं हळूच विचारतात, आणि 'सशाला झोप येत नाही या विषयावर' हे सांगताना माझाच आवाज बसतो. हल्ली मी सरळ सांगते, "ससे काढतात." बाई थांबतात, मला वरपासून खालपर्यंत पाहतात आणि विचारतात, "आणि तुम्ही?"

"मी ऑडिटमध्ये आहे."

मग त्यांचा जीव भांड्यात पडतो.

माझ्या सासूबाईंचं दुःख वेगळं होतं. "जेजेला घातलं तेव्हा वाटलं होतं, निदान शिवाजी महाराज तरी काढेल," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. त्यांच्या मते चित्रकलेत बढतीच्या पायऱ्या असतात. आधी ससे, मग फळांची परडी, मग डोंगरामागचा सूर्य, आणि नोकरी नीट केली तर शेवटी महाराज. मुलगा पहिल्याच पायरीवर बसून राहिला याला त्या त्याचा हूडपणा समजत.

त्यांच्यासाठी मला एक इंग्रज बाई सापडली. बिअ‍ॅट्रिक्स पॉटर. या बाईने १८९३ साली एका आजारी मुलाला पत्रातून सशांची गोष्ट लिहून पाठवली, चित्रांसकट. पुढे त्याचं पुस्तक करायचं ठरवलं तर प्रकाशकांनी नकार दिला. मग १९०१ मध्ये तिने पदरच्या पैशाने २५० प्रती छापल्या. पुढच्या वर्षी नकार देणाऱ्यांपैकीच एका प्रकाशकाने ते पुस्तक घेतलं, ते तुफान खपलं, आणि १९०५ मध्ये बाईंनी लेक डिस्ट्रिक्टमध्ये हिल टॉप नावाची शेती घेतली. पाठोपाठ दुसरी घेतली, मग तिसरी. १९४३ मध्ये वारल्या तेव्हा चार हजार एकरांहून जास्त जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्टला ठेवली.

"चार हजार एकर?" सासूबाईंनी निवडायची मेथी बाजूला ठेवली. "सशांवर?"

"सुरुवात तरी सशांवरच."

"सातबारा कोणाच्या नावावर?"

"तिच्याच. लग्न सत्तेचाळिसाव्या वर्षी केलं. तेही जमिनीची कागदपत्रं करून देणाऱ्या वकिलाशी."

"शहाणी होती," सासूबाई म्हणाल्या. सासरे महसूल खात्यातून निवृत्त झालेले. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आपल्याकडे असती तर सीलिंगमध्ये गेली असती." पण सासूबाईंवर व्हायचा तो परिणाम झाला होता. तेव्हापासून त्या दुपारचा चहा घेऊन मुलाच्या खोलीत डोकावतात आणि विचारतात, "आज किती झाले रे?"

मला स्वतःला मात्र दुसरा ससेवाला जास्त पटतो. हॉलंडमधल्या उट्रेख्त गावचा डिक ब्रुना. त्याने १९५५ मध्ये मिफी नावाची सशीण काढली. डोळ्यांच्या जागी दोन टिंबं, तोंडाच्या जागी एक फुली, संपली सशीण. तिच्या पुस्तकांच्या ८ कोटींहून जास्त प्रती गेल्या. ऑडिटवाल्या माणसाला हे ऐकून भरून येतं. एका सशामागे इतका कमी माल लावून इतकी उलाढाल मी कुठल्या कारखान्यात पाहिलेली नाही. मी नवऱ्याला म्हटलं, तू कशाला सशाची एकेक मिशी काढत बसतोस, टिंबं दे ना. तो म्हणाला, "ती दोन टिंबं केसभर वर सरकली की सशीण चिडकी दिसते आणि खाली आली की आजारी. ब्रुना त्या टिंबांपायी तासन्‌तास घालवायचा." म्हणजे खर्च होताच. फक्त तो शाईच्या खात्यावर पडलेला नव्हता.

हे वेळेचं खातं आमच्या घरात फार गूढ आहे. नवरा काम करतो तेव्हा खिडकीत बसून गुलमोहराकडे पाहत असतो. काम करत नसतो तेव्हाही तिथेच बसून त्याच गुलमोहराकडे पाहत असतो. फरक विचारला तर रागावतो. मी पुरावा मागायला सरावलेली बाई, पण इथे पुरावा एकच: काम चालू असेल तर चहा समोर ठेवूनही गार होतो.

याहून अवघड भाग म्हणजे मॉडेल होणं. मी ऑफिसातून आलेली असते, खांद्यावर पर्स, हातात कोथिंबीर. आतून हाक येते, "जरा ये ना. अशी गुडघ्यांवर बस. दोन्ही हात वर. आता समज, वर मधाचं पोळं आहे." मी पोळ्याकडे पाहते. "तशी नाही. आशाळभूत बघ." मी आशाळभूत बघते. मग तो पेन्सिल चालवता चालवता कौतुकाने म्हणतो, "तुझी पाठ अस्वलाला फार छान आहे." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोच्या पाठीकडे लक्ष जाणारे नवरे कमीच, म्हणून मी गप्प राहते. एकदा आमच्या उघड्या खिडकीतून समोरच्या विंगमधल्या वहिनींनी मला त्या अवस्थेत पाहिलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्या हळूच म्हणाल्या, "मणक्याचं असेल तर माझ्या ओळखीचे एक वैद्य आहेत."

मी कुरकुर केली की नवरा रॉबर्ट मॅक्लॉस्कीचा दाखला देतो. या अमेरिकन माणसाला बदकांच्या कुटुंबावर पुस्तक करायचं होतं. त्याने न्यूयॉर्कच्या फ्लॅटमध्ये खरी बदकं आणून ठेवली, न्हाणीच्या टबात सोडली, आणि स्वतः वही घेऊन त्यांच्यामागे जमिनीवर रांगत राहिला. बदकं फार चपळ, चित्राला सापडेनात. तेव्हा त्याने त्यांना थोडी रेड वाइन पाजली. बदकं मंद झाली, चित्रं झाली, १९४१ मध्ये पुस्तक आलं, पुढच्या वर्षी त्याला कॅल्डेकॉट पदक मिळालं, आणि १९८७ पासून बॉस्टनच्या बागेत त्या बदकांचे ब्राँझचे पुतळे रांगेत उभे आहेत. बदकांचे, हे लक्षात घ्या. आपल्याकडे एवढ्या जागेत नगरसेवक बसवला असता.

आमच्याकडे हे सगळं जमण्यासारखं नाही. आमच्या सोसायटीत पोपट आणायचा तरी तो बोलका की मुका हे लेखी द्यावं लागतं. तरी नवऱ्याने गावाहून थोड्या दिवसांसाठी एक कोंबडी आणलीच. सेक्रेटरी वर आले. "पाळायला आणलीय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. चित्रासाठी."

"बरं. आणि चित्र झाल्यावर?"

त्या प्रश्नातली आशा माझ्या लक्षात आली. पुढचे काही दिवस कमिटीची तीन-चार मंडळी जिन्यात भेटली की चौकशी करायची, "काय, चित्र कुठवर आलं?" कला हा विषय आमच्या सोसायटीत इतक्या आस्थेने पुन्हा कधी निघाला नाही. कोंबडी परत गावी गेली तेव्हा सेक्रेटरींनी पार्किंगच्या थकबाकीचं पत्र पाठवलं.

लेखक आणि चित्रकार वेगळे असले तर एकमेकांना सतावायची सोय असते. रोआल्ड डालने त्याच्या 'बीएफजी'तला राक्षस पायात काय घालतो हे कळावं म्हणून आपली जुनी सँडल पुडक्यात बांधून चित्रकार क्वेंटिन ब्लेकला टपालाने पाठवली होती. आमच्याकडे दोघं एकाच खुर्चीत बसतात, त्यामुळे भांडण घरातलं घरात राहतं. रात्री लेखक लिहून ठेवतो, 'जत्रेत हजारो माणसं जमली होती.' सकाळी चित्रकार उठतो, वही पाहतो आणि दात घासता घासता लेखकाला शिव्या देतो. संध्याकाळपर्यंत जत्रेला धुक्याचा वेढा पडतो आणि तीन माणसं, एक फुगेवाला आणि पाळण्याची वरची कड एवढंच शिल्लक राहतं. समीक्षकांनी पुढे त्या धुक्याला 'गूढरम्य' म्हटलं.

असं मोठमोठ्यांचं झालेलं आहे. मॉरिस सेंडाकला रानटी घोड्यांच्या देशावर पुस्तक करायचं होतं, पण घोडे काढणं काही जमेना. घोडे गेले आणि त्यांच्या जागी केसाळ, दातरे, वटारलेल्या डोळ्यांचे प्राणी आले. ते त्याने कुठून आणले? ब्रुकलिनला लहानपणी दर रविवारी घरी येणाऱ्या मामा-मावशा-काकांवरून. ही मंडळी जेवण व्हायची वाट पाहत पोराचे गालगुच्चे घ्यायची आणि 'खाऊन टाकू का तुला' म्हणायची. १९६३ मध्ये पुस्तक आलं आणि ब्रुकलिनचे सगळे नातेवाईक अजरामर झाले.

हे वाचल्यापासून माझं आमच्या नातेवाइकांकडे बघणं बदललं. कारण आमच्याकडेही तेच चालू होतं आणि मला पत्ता नव्हता. नवऱ्याच्या तिसऱ्या पुस्तकातला पाणघोडा म्हणजे धाकटे मामा. जेवल्यावर पोटावरून फिरणारा हात, कपाळावर सरकवलेला चष्मा, सगळं तेच. मामा पुस्तक बघायला येणार म्हटल्यावर मी दोन दिवस धसका घेऊन होते. मामांनी पाणघोड्याचं पान उघडलं, हसून हसून लाल झाले, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "अरे, हा तर हुबेहूब आपला अण्णा!" आठवडाभराने अण्णा आले. त्यांनी तोच पाणघोडा पाहिला आणि म्हणाले, "धाकट्याला दाखवलंस का रे हे? वाईट वाटेल त्याला." आमच्या सबंध खानदानात आजवर एकाही माणसाने स्वतःला ओळखलेलं नाही. दुसऱ्याला मात्र प्रत्येकाने ओळखलंय.

शब्दांचा हिशेब हा आमच्या संसारातला नाजूक विषय. एका पुस्तकात सगळे मिळून शंभर-सव्वाशे शब्द असतात. आमच्या ऑफिसात एवढे शब्द अर्ध्या दिवसाच्या रजेच्या अर्जाला लागतात. आणि या शंभर शब्दांना वर्ष जातं, कारण शब्द लिहिणं हे कामच नाही, ते काढून टाकणं हे काम आहे. डॉक्टर स्यूसशी त्याच्या प्रकाशकाने पैज लावली होती की पन्नास शब्दांत पुस्तक करून दाखव. १९६० मध्ये त्याने ते करून दाखवलं, बरोबर पन्नास वेगवेगळे शब्द आलटून पालटून वापरून. नवरा ही गोष्ट इतरांना रामायणातल्या सेतूची सांगावी तशा भावाने सांगतो.

एकदा त्याचं एक वाक्य अडलं होतं. 'ससा घाबरून झुडपामागे लपला.'

"लपला हे चित्रात दिसतंय," तो म्हणाला. "झुडूपही दिसतंय. घाबरलाय हे कानांवरून कळतंय."

"मग उरलं काय?"

"ससा."

मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "तोही दिसतोच आहे की."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. मग आत जाऊन ते पान कोरं करून आला. मी विचारलं, "आता या पानाचे लिहायचे पैसे?" तर म्हणाला, "चांगलं लिहिलंय, म्हणून तर काही उरलं नाही."

छपाई सुरू झाली की मला जरा बरं वाटतं, कारण तिथे मोजण्यासारखं काही असतं. कागदाचा मोठा ताव छापून त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानं होतात, तो एक फर्मा. गोष्ट चौदा पानांत संपली तर उरलेल्या दोन पानांना काम शोधायचं, आणि सतरा पानांवर गेली तर एक पान कापायचं. जगभरात चित्रपुस्तकं बहुतेक ३२ पानांची का असतात यामागे मुलांच्या मनाचा काही खोल अभ्यास असेल असं मी समजत होते. आहेत त्या कागदाच्या घड्या. आमच्या एका पुस्तकात सशाच्या बहिणीचं लग्न होतं. मांडव, वाजंत्री, कासवाची करवली, सगळं काढून झालं होतं. लग्न फर्म्यात बसलं नाही. बहीण अजून घरीच आहे.

मग रंग. कॉम्प्युटरवर रंग दिसतात ते उजेडाचे, कागदावर उतरतात ते चार शायांचे: सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा. स्क्रीनवरचा तरतरीत पोपट कागदावर शेवग्याच्या पाल्यासारखा मलूल येतो. नवरा छापखान्यात मशीनजवळ उभा राहून काकुळतीला येतो, "हिरवा जरा वाढवा ना." मशीनवर असलेले काका शांतपणे ताव समोर धरतात. "साहेब, त्याच पट्ट्यात खाली आजी आहे. पोपट वाढवला की आजीचं लुगडं हिरवं होणार. पोपट पाहिजे की आजी, सांगा." नवरा आजी वाचवतो. घरी येऊन जेवत नाही.

पैशाचं मी एकदाच लिहिते. समजा पुस्तकाची किंमत १२० रुपये, आवृत्ती २००० प्रतींची, आणि मानधन दहा टक्के. सगळ्या प्रती विकल्या गेल्या तर २४,००० रुपये होतात. या वाक्यातला वजनदार शब्द 'तर' आहे. आणि गोष्ट एकाची, चित्रं दुसऱ्याची असती तर त्याचेही वाटे झाले असते. गृहकर्जाच्या वेळी एका साहेबांनी नवऱ्याची सॅलरी स्लिप मागितली, तेव्हा त्याने प्रामाणिकपणे चार पुस्तकं पुढे केली. साहेबांनी ती चाळली, एक ठेवून घेतलं, आणि कर्ज माझ्या नावावर मंजूर केलं.

या धंद्याची खरी गोम मला पुस्तक प्रदर्शनात कळली. वाचणारा एक असतो आणि विकत घेणारा दुसरा. वाचणाऱ्याच्या खिशात गोट्या असतात, आणि घेणाऱ्याला चित्र वाचता येत नाही. नवरा सांगतो, कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारत सांगायचे. त्यांचं बरं होतं; प्रेक्षक थेट समोर बसलेला, मध्ये बाप नव्हता.

आमच्या टेबलाशी बाप येतो. तो पुस्तक उचलतो, आधी उलटं करून किंमत बघतो, मग मागून पुढे चाळतो, जसं काही शेवट बरा असेल तरच पुढचं बघायचं. "एकशेवीस रुपये आणि शब्द एवढेच?" असं म्हणून तो हातात वजन करतो. मघाच्या कोऱ्या पानावर आला की दयेने सांगतो, "अहो, या पानावर छापायचं राहिलंय." आणि मग आई येते, जिला एकच विचारायचं असतं, "यातून मुलांना काय शिकायला मिळेल?"

"काही नाही," नवरा आनंदाने सांगतो.

म्हणून विक्रीला मी बसते. सशाला झोप येत नाही, तो रात्रभर जंगलात हिंडतो आणि सकाळी वर्गात झोपतो, एवढीच ती गोष्ट. पण गिऱ्हाईक बघून मी तात्पर्य काढून देते. दमलेल्या आईला सांगते, लवकर निजावं हे ठसतं. डब्यात भाजी परत आणणाऱ्या मुलाच्या आईला सांगते, पान बाराला गाजर आहे. मोबाइलचा विषय निघाला तर सांगते, पुस्तकात कुठेही मोबाइल नाही, बघा हवं तर. एका आजोबांना मी तेच पुस्तक निशाचर प्राण्यांची शास्त्रीय ओळख म्हणून दिलं. नवरा तेवढ्या वेळ चहाला जातो. त्याला ऐकवत नाही.

माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं शेजारच्या टेबलावर असली की तो त्यांच्याकडे बघत राहतो. मराठीत लिहिणं आणि काढणं दोन्ही एकहाती, आणि तेही इतक्या नेमकेपणाने करणाऱ्या त्या. 'राधाचं घर' मालिकेत राजा नाही, राक्षस नाही, तात्पर्य तर नाहीच. घरातलीच माणसं, त्यांच्या त्यांच्या सवयींसकट. त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१४ मध्ये मिळाला, तेव्हा नवऱ्याने पेढे वाटले. शेजाऱ्यांना वाटलं यालाच मिळाला. त्याला खुलासा करायचा होता, मी पेढे वाटून होईपर्यंत करू दिला नाही.

त्याच प्रदर्शनात टेबलाखाली एक मुलगा सापडला. बाप वर शब्द मोजत होता तोवर याने खाली मांडी घालून पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, परत वाचलं आणि डोकं बाहेर काढून नवऱ्याला विचारलं, "शेवटच्या पानावर गोगलगाय का नाहीये?" मी चक्रावले. कुठली गोगलगाय? प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक नखाएवढी गोगलगाय होती, जी मी, प्रकाशकाने, छापखान्यातल्या काकांनी आणि दोन परीक्षण लिहिणाऱ्यांनी पाहिलेली नव्हती. नवऱ्याचा चेहरा उजळला. "ती हळू चालते ना. अजून मलपृष्ठावर पोचतेय." मुलाने पुस्तक उलटलं, गोगलगाय सापडली, त्याने समाधानाने मान डोलावली. बाप म्हणाला, "चल, उशीर होतोय," आणि शेजारून सामान्य ज्ञानाचं जाडजूड पुस्तक घेऊन गेला. नवरा म्हणे, आजचा दिवस फार छान गेला. मी गल्ला मोजत होते, मला तसं काही आढळलं नाही.

शाळेत बोलावतात तेव्हा मीही कधी कधी रजा टाकून जाते. मुख्याध्यापिका शाल-नारळ देऊन 'आजचे आपले पाहुणे ज्येष्ठ बालसाहित्यिक' म्हणतात, आणि पहिल्या बाकावरून प्रश्न येतो, "तुम्ही म्हातारे आहात का?" मग सुरू होतात. ससा खरा आहे का. तो शी कुठे करतो. तुम्हाला पगार आहे का. (इथे मी पुढे सरसावून बसते.) एका दुसरीतल्या मुलीने उभं राहून सांगितलं, "सात नंबरच्या पानावर सशाच्या शर्टाला चार बटणं आहेत आणि नऊवर तीनच."

"एक तुटलं," नवरा म्हणाला.

"मग अकरावर परत चार कशी?"

"आईने लावून दिलं."

तिने क्षणभर विचार केला. "पण दोरा वेगळ्या रंगाचा पाहिजे होता." इतकी वर्षं खात्यात काढून असा आक्षेप मला नोंदवता आलेला नाही. ही मुलगी मोठी होईपर्यंत आमच्या खात्यात भरती निघावी अशी माझी इच्छा आहे.

वाचकांची दाद मिळते ती अशी. सेंडाकने एका मुलाला पत्राचं उत्तर म्हणून चित्र काढलेलं कार्ड पाठवलं होतं. मुलाच्या आईने उलट टपाली कळवलं की कार्ड इतकं आवडलं की पोराने ते खाऊन टाकलं. याहून मोठी पावती आपल्याला मिळाली नाही असं तो सांगायचा. आमच्याकडेही एका मैत्रिणीने फोन करून तक्रार केली की धाकटीने पाणघोडा खाल्ला, पोटाकडचा सगळा. नवरा कृतकृत्य झाला. मी तिला दुसरी प्रत घ्यायला लावली.

बाकी लोक फुकट मागतात ते सगळ्याच कलावंतांच्या नशिबी आहे, त्यात नवीन काही नाही. पत्रिकेवर गणपती, नातवाच्या खोलीत डोरेमॉन, 'गोष्ट माझी तयार आहे, तू फक्त चित्रं टाक, अर्धे-अर्धे करू'. आता भाच्याने नवीनच काढलंय. मोबाइलला सांगून त्याने अर्ध्या मिनिटात ससा काढून दाखवला. गुळगुळीत, गुबगुबीत, डोळ्यांत चांदण्या. "मामा, आता तुझी गरज संपली," तो म्हणाला. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा लावला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला. "छान आहे," त्या म्हणाल्या, "पण याला झोप येतेय. आपल्याला झोप न येणारा हवा ना?" शिवाजी महाराजांचं नाव त्या हल्ली काढत नाहीत.

सध्या नवं पुस्तक चालू आहे. जंगलातल्या पतपेढीची गोष्ट. परवा टेबलावर कच्ची चित्रं पसरलेली होती. खार दाण्यांची ठेव ठेवायला आलीय, अस्वलाचं कर्ज थकलंय, आणि मध्ये काउंटरच्या मागे एक साळिंदर बसलंय. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, कानामागे पेन्सिल, खांद्याला पर्स, पर्समधून डोकावणारी कोथिंबीर. अंगावरचा काटा न् काटा ताठ.

"हे कोण?" मी विचारलं.

"कोणी नाही. साळिंदर."

मी नीट पाहिलं. चेहरा हुबेहूब आमच्या थोरल्या वन्संचा. त्यांना वाईट वाटेल असं मी म्हणणार होते, पण तेवढ्यात साळिंदरापुढच्या उघड्या वहीकडे लक्ष गेलं. त्यात याने मनाला येतील ते आकडे लिहून खाली मनाला येईल ती बेरीज ठोकून दिली होती. सतरा दाणे, नऊ दाणे, तेवीस दाणे, एकूण पंचेचाळीस.

"हे चालणार नाही," मी म्हटलं. "एकोणपन्नास होतात."

"अगं, नखाएवढी वही आहे. कोण बघतंय?"

मी फक्त "बटणं" म्हटलं. त्याने मुकाट्याने पेन्सिल माझ्या हातात दिली. जेवणं आटोपल्यावर मी पतपेढीच्या सगळ्या वह्या तपासायला घेतल्या. खारीच्या पासबुकात व्याज दोनदा धरलं होतं, अस्वलाला जामीनदारच नव्हता, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात फेब्रुवारीला एकतीस दिवस. मी टिपण काढलं, खाली सही केली आणि विचारलं, पुस्तकात माझं नाव कुठे येणार. 'हिशेब तपासणी' असं बारीक अक्षरात चालेल.

तो म्हणाला, "जागा नाही गं. फर्मा भरला."